इफ्तारची वीस मिनिटं

सेनाधीर साहेबांनी कापडाचा तुकडा टेबलावर पसरला, तळहातानं त्याच्या सुरकुत्या काढल्या आणि विचारलं, "काल संध्याकाळी सहा चाळीसला तीन नंबरच्या मशीनवर कोण होतं?"

कापड पिस्ता रंगाचं होतं. म्हणजे व्हायला हवं होतं. त्यावर वीत-वीत अंतरानं गडद पट्टे उमटले होते, गळक्या भिंतीवर ओल उमटते तसे. असं सहाशे किलो. परदेशातल्या पोरांच्या अंगावर जायचं होतं ते. आता काळ्या रंगात बुडवण्यापलीकडे त्याचं काही होणार नव्हतं.

टेबलाच्या अलीकडे आम्ही तिघं उभे होतो. मी, डाइंग मास्टर, इचलकरंजीहून येऊन तीन महिने झालेला. डावीकडे सोलेमान भाई, पाळीतला सगळ्यात जुना ऑपरेटर, मेंदीनं लाल केलेली दाढी आणि तिच्यात कायम अडकलेले दोन-चार धागे. उजवीकडे निताई बर्मन, एक्कावन्न वर्षांचा, हडकुळा, कान जरा मोठेच. एकोणीस वर्षं तो याच गिरणीत होता.

"मी होतो, स्यार," निताई म्हणाला.

"मशीनजवळ?"

"मशीनजवळच."

"मग कापडाला गाठ पडली, मशीन अडलं, ते दिसलं नाही?"

"डोळा लागला, स्यार."

सेनाधीर साहेबांनी सोलेमान भाईकडे बघितलं. सोलेमान भाई फरशीकडे बघत होता. मग ते माझ्याकडे वळले. "मास्टर, तुमचं काय म्हणणं?"

"चौकशी करून सांगतो," मी म्हणालो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कमावलेलं वाक्य आहे हे. त्याला अर्थ काही नसतो, पण माणसाला एक दिवस मिळतो.

"उद्या दुपारी बारापर्यंत," साहेब म्हणाले. "बारानंतर मी याचं पत्र टाइप करायला देतो."

पत्र म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कामावर झोपला म्हणून काढलेला एक्कावन्न वर्षांचा ऑपरेटर नारायणगंजमध्ये दुसऱ्या कुठल्या गिरणीच्या फाटकातही उभा राहू शकत नाही. फाटकावरचे दरवान एकमेकांचे मेहुणे.

निताईचा डोळा लागला नव्हता, हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. चौथ्यालाही असावं, पण ते मला नंतर कळलं.

या गोष्टीला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. तेव्हा बांगलादेशातल्या गिरण्यांत एक उतरंड असायची. वर श्रीलंकेचे साहेब, मधे आम्ही भारतातले मास्तर लोक, खाली गावचे. सेनाधीर साहेब तिथं अकरा वर्षं होते आणि अकरा वर्षांत त्यांना बंगाली येत नाही असंच सगळे समजत; ते बोलायचे मोडक्या हिंदीत. माझी हिंदी कोल्हापुरी, ऑपरेटरांची हिंदी टीव्हीवरची, त्यामुळे बोलणं झकास चालायचं. दिगंबर उरणे या माझ्या नावाचं त्यांनी दिगोंबोर स्यार केलं होतं. शुक्रवारला रविवार समजायचं, काट्यांनी भरलेला इलिश मासा बोलता बोलता खायचा नाही, आणि "होऊन जाईल स्यार" असं कुणी म्हणालं की स्वतः जाऊन बघायचं, एवढं मी पहिल्या महिन्यातच शिकलो. माणसं ओळखण्याचा मला पहिल्यापासून गर्व. नवीन जागी गेलो की आठवड्यात प्रत्येकाच्या नावापुढं मनातल्या मनात जमा आणि खर्च मांडून मोकळा. सोलेमान भाई: जमा, हाताला डोळे आहेत, खर्च, आढ्यता. निताई: जमा, कान, खर्च, कणा नाही.

हा दुसरा हिशेब मला महागात पडला.

आमच्या खात्यात आठ मशीनं होती, जुनी. आत कापडाचा लांबच लांब पिळा उकळत्या रंगातून गोल गोल फिरत राहतो. कधी त्याला गाठ पडते आणि पिळा अडतो. अडला, की दोन मिनिटांत मशीन थांबवून लांब काठीनं गाठ सोडवायची. पाच मिनिटं गेली की जिथं अडला तिथं रंग बसला, आणि बसलेला रंग ब्रह्मदेवाच्या बापाच्यानंही निघत नाही. गाठीची सूचना देणारी घंटा प्रत्येक मशीनला होती. आठातल्या सहा मुक्या होत्या. म्हणून माणूस जवळ लागायचा आणि त्याचा कान लागायचा. मोटरचा आवाज किंचित जड झाला की समजायचं.

त्यात रमजान आला. ऑगस्टचा उकाडा, खात्यात वाफ, आणि पाण्याचा थेंबही न घेता सात माणसं दिवसभर मशीनवर. साडेसहाच्या सुमाराला अजान व्हायची. त्याआधी दहा मिनिटं मधल्या वाटेत वर्तमानपत्रं पसरली जायची. त्यावर चुरमुऱ्यांचा ढीग, त्यात हरभरे, कांद्याची भजी, वांग्याची भजी, मोहरीचं तेल, मिरची, सगळं एका मोठ्या हातानं कालवलेलं. तो हात सोलेमान भाईचा. जिलबी चुरून घालायची की नाही यावरून पाळीत दोन तट होते आणि रोज भांडण व्हायचं. चुरमुऱ्यांवर वाढलेल्या माणसाला हे बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. मलाही रोज बसवायचे, मीही ढिगातून मूठ उचलायचो.

निताई मात्र बसायचा नाही. तो एकटा मशीनच्या रांगेत इकडून तिकडं फिरत असायचा. हे मी आठ दिवस पाहिलं. सात मुसलमान आणि एक परदेशी पाहुणा एका कागदावर जेवतायत आणि त्या पाळीतला एकुलता हिंदू वीस पावलांवर उभा.

माझ्या डोक्यात काय आलं, ते सांगायला हवं. आमच्या आजोबांच्या मागांच्या शेडात बाबू म्हणून सुताचे बीम उचलणारा एक माणूस होता. दुपारी सगळे आत जेवायचे, तो बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ. त्याला आमटी वाढायचं काम माझं. वरून वाढायचो मी. वरून म्हणजे भांड्याला भांडं लागू नये इतक्या वरून. दहा वर्षांचा असेन, पण नेम चांगला होता. एक थेंब सांडायचा नाही आणि सगळे त्याबद्दल माझं कौतुक करायचे. बाबू मरून तीस वर्षं झाली. त्याच्या खात्यावरचं माझं येणं-देणं मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

नवव्या रोज्याला ते उघडलं. अजान व्हायच्या आधी मी उठलो, मशीनच्या रांगेत गेलो, निताईचा दंड धरला आणि म्हणालो, "चल. आज तू आमच्यात बसायचं."

"नको स्यार. मी बरा आहे इथं."

"बरा कसला? चल म्हणतो ना."

मी त्याला ओढतच आणला. सोलेमान भाईच्या हाताला चुरमुरे तसेच चिकटलेले. मी सगळ्यांकडे बघून म्हणालो, "यानं आपल्यात बसायला कुणाची हरकत आहे?"

"नाही स्यार," सात जण म्हणाले. पण सोलेमान भाई उठायला लागला. तेव्हा मला वाटलं, पाहा, हा निघाला बाटायच्या भीतीनं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबला. "बसा भाई. वीस मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

"जी स्यार."

मग अजान झाली. मशिदीचा भोंगा आमच्याच भिंतीला लागून. त्या आवाजात मोटर काय, रेल्वेचं इंजिनही ऐकू आलं नसतं. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायलं. निताई उकिडवा बसला होता. त्यानं चार चुरमुरे उचलले असतील. त्याची मान पुन्हा पुन्हा मशीनकडे वळत होती आणि मी त्याला "खा रे, लाजतोस काय" म्हणून आग्रह करत होतो. मला फार बरं वाटत होतं. तिकडं तीन नंबरमध्ये गाठ पडली होती.

चौकशीच्या त्या दिवशी, दहाव्या रोज्याला, मी कागदावर बसलो नाही. बसवलंही नाही कुणी. निताई नेहमीसारखा आठ मशीनांत फिरत होता. मी त्याच्या मागं फिरायला लागलो.

"निताई, तू खोटं का बोललास?"

"थांबा, स्यार." त्यानं सहा नंबरला कान लावला, मग पुढं निघाला. "काय म्हणालात?"

"मी तुला ओढून नेलं. मग डोळा लागला असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? दिगोंबोर स्यारांनी मला चुरमुरे खायला नेलं?"

"खरं तेच आहे."

"मग साहेब विचारतील, बाकीचे सात कुठं होते? प्रत्येक मशीनच्या कार्डावर त्या वेळेची सही आहे, मी हजर होतो म्हणून. सातांच्या सात खोट्या सह्या." त्यानं बोटं दाखवली, सात. "एक गेलेला बरा, का आठ?"

"म्हणजे हे रोजचंच आहे?"

निताई थांबला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. वर्गातल्या ढ मुलाकडे मास्तर बघतात तसं. "स्यार, एकोणीस वर्षं झाली. रमजानमध्ये ही वीस मिनिटं माझी. आठही मशीनं माझी. दिवसभर उपाशी माणूस निवांत बसून खाईल तरी. आणि आश्विनात दुर्गापूजेचे चार दिवस मी माणिकगंजला घरी असतो. रजा दोनच दिवसांची मिळते. बाकी दोन दिवस माझ्या मशीनवर सोलेमान भाई. सहीसुद्धा तोच करतो. माझ्यापेक्षा चांगली करतो."

"मग जेवायला?"

"माझा वाटा अजानच्या आधी निघतो. सगळ्यात पहिला. जिलबी न घातलेला." तो तीन नंबरजवळून जाताना क्षणभर रेंगाळला. "मी लॅबमध्ये बसून आरामात खातो, सगळे परत मशीनवर आले की. तुम्ही तोवर गेस्ट हाऊसला गेलेले असता."

"मग काल सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. नको म्हणालो. सोलेमान भाई तर स्वतः उठत होता, रोजा न सोडता. तुम्ही त्याला दाबून बसवलंत." मग तो अगदी सहज म्हणाला, "तुम्ही साहेब. साहेबाला किती वेळा नाही म्हणायचं?"

सकाळी मी घरी फोन लावला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीन महिने झाले न झाले तिथं जाऊन, आणि तुम्ही गाव सुधारायला निघालात? इथं शेजारच्या कुलकर्ण्यांचं आणि आपलं नळाचं भांडण नऊ वर्षं मिटवता येईना तुम्हाला."

"आता काय करू ते सांग."

"काय करायचं म्हणजे? त्या माणसाला पोरंबाळं असतील. जा आणि सांगा, मी केलं म्हणून."

"माझी सहा महिन्यांची परीक्षेची मुदत संपली नाही अजून. काढतील मला."

"काढलं तर या घरी. इथं काय वाघ बसलाय?"

अकरा वाजता मी सेनाधीर साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळंच. निताईनं बोटावर दाखवलेल्या सात सह्यांसकट. खरं बोलायचं ठरवलं की माझा हात सैल सुटतो.

साहेब चहा ढवळत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मास्टर, रमजानमध्ये मी रोज सव्वासहाला खात्यातून माझ्या खोलीत येतो. सात वाजता परत जातो. का येत असेन?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"अकरा वर्षं मला माहीत आहे. पण मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आज तुम्ही सांगितलंत. या दोन गोष्टी निराळ्या आहेत." त्यांनी चमचा बशीत ठेवला. "माहीत असलेल्या गोष्टीवर मला गप्प बसता येतं. सांगितलेल्या गोष्टीवर हुकूम काढावा लागतो."

हुकूम त्याच दुपारी निघाला. निताई बर्मन यांना समज देऊन सोडण्यात येत आहे. सात ऑपरेटरांना समज. डाइंग मास्टर यांना लेखी ताकीद. आणि यापुढे कुणीही, कुठल्याही कारणानं, मशीन सोडून बसणार नाही. इफ्तार मशीनवर उभ्यानं.

निताईची नोकरी वाचली, म्हणून मी मनात माझ्या जमेच्या बाजूला एक रेघ ओढणार होतो. संध्याकाळी खात्यात गेलो. अजान झाली. आठ मशीनांपुढं आठ माणसं उभी. सातांनी खिशातून खजूर काढला, तोंडात टाकला, बाटलीतलं पाणी प्यायलं. प्लास्टिकच्या पिशवीतून चुरमुऱ्याची मूठ काढून, मशीनकडे तोंड करून, प्रत्येकानं आपापली खाल्ली. जिलबीवरून कुणी भांडलं नाही. वीस मिनिटांचं काम चार मिनिटांत उरकलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सोलेमान भाई माझ्याशी कामापुरतं बोलायचा, तेही निताईच्या मार्फत. मी समोर उभा असताना तो निताईला म्हणायचा, "स्यारांना विचार, रंगात मीठ टाकू का." निताई मला विचारायचा, "मीठ टाकू का, स्यार?" मी म्हणायचो, टाका. निताई तिकडं सांगायचा, "टाका म्हणतात."

तिसऱ्या संध्याकाळी असंच मीठ टाकून झाल्यावर निताई माझ्याजवळ रेंगाळला. "स्यार, राग मानू नका. तुम्ही आधी एका माणसाला बसवलंत. मग सगळ्यांना उभं केलंत. आता आणखी कुणाचं भलं करणार असाल तर आधी आम्हाला सांगा. आम्ही रजेवर जातो."

आणि हसला. त्या तीन दिवसांत माझ्याकडे बघून हसलेला तो एकटाच.

चौथ्या दिवशी सकाळी मी पुन्हा साहेबांपुढं उभा राहिलो.

"आता काय राहिलं सांगायचं?" ते म्हणाले.

"सांगायचं नाही, मागायचं आहे. हुकूम असा बदला: इफ्तारच्या वीस मिनिटांत आठ मशीनांवर दोन माणसं. निताई आणि मी. कार्डावर तसंच लिहायचं, उघड. खाली माझी सही. सात जण बसतील."

"तुम्ही मशीन चालवणार? मास्टर?"

"पंचवीस वर्षांपूर्वी चालवत होतो."

"पंचवीस वर्षांपूर्वी मी उंच उडी मारत होतो." त्यांनी खुर्ची मागं रेलली. "पुन्हा पट्टे पडले तर?"

"कार्डावर नाव माझं असेल."

"तुमच्यावर एक ताकीद झालेली आहे. दुसरी झाली की मला काही विचारावं लागणार नाही, थेट तिकीट."

"माहीत आहे."

"आणि दुर्गापूजेला?"

"तेव्हाही तसंच. निताईच्या जागी सोलेमान, त्याच्या स्वतःच्या सहीनं. निताईची करायची नाही."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, बॉयलरची चिमणी होती. मग म्हणाले, "मास्टर, तुम्हाला माणसांत बसता येत नाही. उभं राहून बघा." आणि कागद पुढं ओढला.

सोळा रोजे उरले होते. त्या संध्याकाळी मधल्या वाटेत पुन्हा वर्तमानपत्रं पसरली गेली. मी बाह्या सरसावून, हातात काठी घेऊन उभा राहिलो. निताईनं मशीनं वाटून दिली. एक ते तीन माझी, उरलेली पाच त्याची. तीनच का, विचारलं तर म्हणाला, "तीनसुद्धा मी भीत भीत दिली आहेत."

अजान झाली. सगळे बसले. सोलेमान भाईनं खजूर तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला आणि उठून माझ्या मागं येऊन उभा राहिला. एक नंबर बघितलं, दोन बघितलं, तीन बघितलं, आणि काही न बोलता परत जाऊन बसला. मग दोन मिनिटांनी पुन्हा आला. मोजायची माझी सवय जात नाही: त्या दिवशी वीस मिनिटांत तो पाच वेळा उठला. सुखानं एक घास त्यानं खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी चार वेळा. तिसऱ्या दिवशी परत पाच, कारण मी एक नंबरचं झाकण उघडं टाकलं होतं. पाचव्या दिवशी दोन नंबरमध्ये गाठ पडली. मोटर जड झालेली मला ऐकू आली की नाही हे मी आजही खात्रीनं सांगणार नाही, पण मी मशीन थांबवलं, काठी घातली, घामानं चष्मा घसरला, गाठ सुटली. मागं वळून बघतो तर सोलेमान भाई अर्ध्या वाटेत उभा, हाताला तेल, तोंडात भजं. "निताई," तो म्हणाला, "स्यारांना सांग, काठी डाव्या हातानं धरायची." निताई पाच नंबरवरून ओरडला, "तुम्हीच सांगा भाई, समोर तर उभे आहेत!"

सोलेमान भाईनं भजं गिळलं. "काठी डाव्या हातानं," तो मला म्हणाला, आणि बसायला गेला.

त्यानंतर दोन वेळा. मग एकदा. नवव्या दिवशी जिलबीवरून जोराचं भांडण पेटलं होतं, आणि त्या गडबडीत सोलेमान भाई जागचा जरासा उठला, मान वर करून माझ्या तीन मशीनांकडे बघितलं, हातातली मूठ तोंडात टाकली आणि होता तिथंच खाली बसला. याला उठणं धरायचं की नाही, हे मी ठरवत उभा होतो.

"स्यार!" पलीकडून निताई ओरडला. "तिकडं काय बघताय? दोन नंबर!"

मी पळालो.